मीटर उघडला, डबा गेला

मी एकोणीस वर्षं गाड्यांचे मीटर बनवणाऱ्या कंपनीत नोकरी करतो आणि उघडलेला मीटर मी आयुष्यात एकदाच पाहिला आहे. तोही मीच उघडला होता.

यात खोटं असं काही नाही. चाकणच्या आमच्या कंपनीत मी क्वालिटीला आहे. फक्त माझी क्वालिटी अगदी शेवटची. म्हणजे मीटर तयार होतो, तपासला जातो, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळला जातो, खोक्यात बसतो, खोक्याला चिकटपट्टी लागते आणि मग ते खोकं माझ्यासमोर येतं. मी खोक्यावरचं लेबल सरळ आहे का ते बघतो. वाकडं असलं की खोक्याला लाल पट्टी मारतो. लाल पट्टी म्हणजे रिजेक्ट! एकदा ती लागली की मॅनेजरसुद्धा त्या खोक्याला बोट लावत नाही. घरी मात्र मी हे इतक्या तपशिलात कधी सांगितलं नाही. (कोणी विचारलंही नाही!) त्यामुळे चिखली गावठाणातल्या आमच्या भावकीत असा पक्का समज आहे की, दिलीप एक दिवस रजेवर गेला तर निम्म्या देशाला आपली गाडी किती वेगात चाललीय तेच कळणार नाही.

हा समज आमच्या घरच्या पिकअपने खोटा पाडला. ही पिकअप बायकोची, म्हणजे शोभाची. शोभा डब्यांचा व्यवसाय करते. तळवड्याच्या छोट्या छोट्या कारखान्यांत तिचे साठेक डबे जातात. त्यासाठी तिने एक जुनी पिकअप घेतली, स्वतः चालवायला शिकली आणि पहाटे साडेचारला एकटी मोशीच्या बाजारातून भाजी भरून आणते. त्या वेळी मी काय करतो ते सांगण्यासारखं नाही. झोपलेला असतो.

तर या पिकअपच्या मीटरचे दिवे एकेक करत सगळे गेले. पहाटेच्या अंधारात वेग कळेना, इंजिन किती तापलंय ते कळेना, डिझेल कळेना. शोभा मोबाईलचा टॉर्च मारून काटे बघायची. एक दिवस टॉर्च मारायचा राहिला आणि कोथिंबिरीच्या दीडशे जुड्यांसकट गाडी भर रस्त्यात थांबली. (संपलं होतं डिझेल. कोथिंबीर भरपूर होती!)

"मी रफिकभाईंना सांगते," घरी आल्यावर ती म्हणाली. "अर्ध्या तासाचं काम आहे म्हणाले."

रफिकभाई म्हणजे पिंपरीतले आमचे जुने मेकॅनिक. माणूस लाखात एक. पण माझ्या मानाचा प्रश्न होता.

"घरात मी असताना बाहेरचा माणूस?"

"तुम्हाला येतं?"

"शोभा, मी मीटरच्या कंपनीत आहे!"

"मग गेले चार महिने का नाही केलंत?"

"मटेरियल अव्हेलेबल नव्हतं," मी म्हणालो. हे उत्तर कंपनीत कधीच फुकट जात नाही. शोभापुढे ते चाललं नाही, तरी मी दुसऱ्याच दिवशी मटेरियल आणायला पिंपरीला गेलो. कोणाकडे? अर्थातच रफिकभाईंकडे.

"दिलीपभाऊ, साधेच बल्ब घ्या," रफिकभाई म्हणाले. "एलईडीला उलट-सुलट असतं. उलटा बसला तर पेटत नाय."

"एलईडीच द्या. आम्ही रोज हेच करतो."

"मग ठीक. पण मीटरच्या मागं स्पीडची केबल असते बघा. ती आधी काढायची. ओढायचं नाय."

"माहीत आहे हो!"

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि पुडीत दोन बल्ब जास्तीचे टाकले. मी म्हटलं, हे कशाला? "असू द्या," एवढंच म्हणाले.

आता मुहूर्त. माझी त्या आठवड्यात सेकंड शिफ्ट होती, सकाळ मोकळी. मी मंगळवार निवडला. सगळ्या आठवड्यात नेमका मंगळवार! कारण त्याच मंगळवारी तळवड्यातल्या एका कारखान्याचे मालक देशमुख साहेब शोभाचा नमुन्याचा डबा खाणार होते. त्यांच्याकडे ऐंशी माणसं. डबा पसंत पडला तर त्या ऐंशी माणसांचं रोजचं जेवण शोभाकडे येणार होतं. या कामासाठी ती वर्षभर त्यांच्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवत होती. तीन वेळा 'बघू' असं उत्तर घेऊन परत आली होती. आता कुठे साहेब म्हणाले होते, मंगळवारी साडेबाराला डबा पाठवा, खाऊन सांगतो. दोन दिवस तिला धड झोप नव्हती.

"आज नको," ती म्हणाली. "आज मला गाडी लागेल."

"नऊला सुरू करतो, साडेनऊला किल्ली हातात!"

तिने काय केलं, तर शेजारच्या रिक्षावाल्याला फोन करून अकराला बोलावून ठेवलं. मला तेव्हा त्याचा राग आला होता.

नऊ वाजता मी पिकअप फाटकात आडवी लावली आणि कामाला लागलो. आमचे वडील, अण्णा, ओट्यावर तंबाखूची चंची घेऊन बसले. अण्णांनी सगळी हयात शेती केली, पुढे शेताच्या जागी शेड उभ्या राहिल्या, तेव्हापासून समोर जे चालू असेल त्यावर देखरेख करणं हा त्यांचा धंदा आहे.

कंपनीत शिकलेली एक गोष्ट मला खरोखर येते. स्क्रू काढला की तो जमिनीवर ठेवायचा नाही. प्रत्येक टप्प्याचा माल वेगळ्या भांड्यात आणि भांड्यावर लेबल! मी शोभाच्या मांडणीतून चार पुडांचा एक रिकामा डबा उचलला. पहिल्या पुडात चिठ्ठी: 'वरचे लांब स्क्रू, चार.' दुसऱ्यात: 'बाजूचे आखूड, सहा.' अक्षर एकदम वळणदार. चौकट निघाली, मागचा मीटर दिसू लागला आणि मी अण्णांकडे अशा नजरेने पाहिलं की त्यांनी काहीतरी बोलावं.

"अजून भाईर न्हाई आला," अण्णा म्हणाले.

मी मीटर धरून ओढला. हलला, पण येईना. पुन्हा ओढला.

"आरं, मागनं कायतरी धरलंय त्येला."

"अण्णा, लॉक असतं ते!"

"आसंल. तू वढ."

मी पाय सीटला लावून ओढला. खट्ट! मीटर हातात आला. त्याच्याबरोबर प्लॅस्टिकचा एक तुकडाही आला आणि मागे काळी केबल हळूच डॅशबोर्डच्या आत सटकली. तेव्हा मला रफिकभाईंचं वाक्य शब्दन् शब्द आठवलं. मी तो तुकडा चौथ्या पुडात ठेवून चिठ्ठी लिहिली: 'क्लिप, तुटलेली, एक.' (आधीच तुटलेली असणार. गाडी जुनी आहे.)

जुन्या बल्बांवर हिरव्या रबराच्या टोप्या होत्या. ते काढून मी तिसऱ्या पुडात ठेवले, तर अण्णांनी त्यातला एक उचलून दाबून बघितला.

"मटार रं कशापायी?"

"अण्णा, हात लावू नका! माल आहे तो!"

पाच मिनिटांत त्यांनी तीनदा हात लावला. शेवटी मी चारही पुडं एकावर एक ठेवली, डब्याची कडी घातली, खिशातून कंपनीची लाल चिकटपट्टी काढली आणि डब्याला गोल फिरवून मारली. आता जगात कोणाची त्याला हात लावायची टाप नव्हती. डबा मी दाराशी सावलीत ठेवला.

तोवर अकरा वाजले होते. रिक्षा आली. शोभा रोजचे डबे घेऊन पहिल्या फेरीला स्वतः निघाली. जाताना तिने उघड्या डॅशबोर्डकडे, मग घड्याळाकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "दहा मिनिटं!" मी म्हणालो. ती आत वळली. मग स्वयंपाकघरातल्या सखूमावशींना काहीतरी सूचना देऊन गेली. सखूमावशी मराठवाड्यातल्या, शोभाकडे पोळ्या-भाकरी करायला आणि डबे भरायला येतात.

मी नवे बल्ब बसवले, वायरचं सॉकेट जोडलं आणि दिव्याचं बटण दाबलं. एकही पेटला नाही. सगळे काढले. फुंकले. (फुंकल्याने काय होतं ते मला आजही माहीत नाही.) पुन्हा लावले. अंधार!

"त्यो रफिक काय म्हनला व्हता रं?" अण्णांनी विचारलं.

"काही नाही."

"उलटं-सुलटं कायतरी म्हनला आसंल. त्यो बोलला म्हंजी कायतरी कामाचंच बोलला आसंल."

अण्णा दुकानात नव्हते. तरी त्यांना कळलं होतं, आणि मी समोर उभा राहूनही ऐकलं नव्हतं! मी डॅशबोर्डखाली डोकं घालून एकेक बल्ब काढून उलटा फिरवला. दोन माझ्या हातून फुटले. जास्तीचे दोन कामी आले. बारा वाजता बटण दाबलं आणि मीटर असा काही उजळला की भर दुपारी आमची भिंत पांढरी झाली. "जमलं!" मी ओरडलो. अण्णांनी डोळ्यांवर हात धरला आणि म्हणाले, "उजेड लई झ्याक. आकडं कुठं गेलं?"

आता फक्त बसवायचं. मी डब्यासाठी मागे हात केला. दाराशी डबा नव्हता.

"मावशी, इथला डबा कुठंय?"

"कोन्ता ओ भाऊ? लाल पट्टीचा?" सखूमावशी पदराला हात पुसत बाहेर आल्या. "त्यो तर गेला की. सायबाचा व्हता ना!"

"कोणत्या साहेबांचा?"

"ताईच सांगून गेल्या. लाल पट्टीचा डबा म्हंजे पेशल, दुसऱ्या फेरीला रिक्षात घाला. ताई तिकडंच डबे वाटत ऱ्हाईल्या, रिक्षा एकटीच परत आली. म्या दाराशी बघितला, घातला. जड बी लई व्हता. म्हनलं, ताईंनी लईच भरलाय आज!"

मी स्वयंपाकघरात धावलो. शेगडीशेजारी, गरम राहावा म्हणून कापडात गुंडाळलेला दुसरा डबा होता. त्यालाही लाल पट्टी! आत मासवडी, रस्सा, इंद्रायणीचा भात आणि बाजरीच्या भाकरी. म्हणजे कंपनीत ज्या पट्टीचा अर्थ 'हात लावू नका' असा होता, तिचाच अर्थ माझ्या स्वतःच्या घरात 'सगळ्यात आधी पोहोचवा' असा होता. एका छताखाली राहून आम्ही दोघांनी एकमेकांच्या कामाबद्दल कधी चौकशीच केली नव्हती!

बारा वाजून पाच मिनिटं. रिक्षावाल्याचा फोन लागेना. साहेबांचा नंबर शोभाकडे, आणि शोभाला फोन करण्यापेक्षा मी चालत काशीला गेलो असतो. मोटारसायकल काढावी, तर ती फाटकाच्या आत आणि फाटकात आडवी पिकअप. ती बाजूला घ्यावी म्हणून मी गाडी सुरू केली, तर पलीकडच्या दारातून अण्णा आत! त्यांनी वायरीला लोंबणारा मीटर उचलून मांडीवर घेतला आणि दुसऱ्या हाताने मी सीटवर ठेवलेला गरम डबा पोटाशी धरला.

"चल तू. म्या धरतो."

"अण्णा, उतरा!"

"आरं, सूनबाईचा डबा हाय. येळ जातुया."

निघालो. रस्त्यात एक भलामोठा ट्रेलर वळत होता. तो वळेपर्यंत मी स्टिअरिंगवर डोकं आपटून घेत होतो, आणि अण्णा मांडीवरच्या मीटरकडे टक लावून बसले होते. ट्रेलर गेला, मी गाडी सुसाट सोडली.

"दिल्या, ह्यो सुन्न दावतुय. आपुन पळतुय का हुबं हाय?"

"पळतोय, अण्णा!"

"मग ह्यो खोटं बोलतुय. तुज्या कंपनीचा हाय व्हय?"

पुढच्या चौकात वाहतूक पोलिसाने हात केला. खिडकीतून आत वाकून बघितलं, तर म्हातारबाबांच्या मांडीवर झगझगीत पेटलेला मीटर, काखेत डबा आणि समोर डॅशबोर्डमध्ये मीटरच्या जागी भोक.

"आजोबा, हे काय?"

"मीटर. पोरगं म्हनलं, मला येतं."

पोलिसाने माझ्याकडे पाहिलं. त्याने लायसन्स मागितलं नाही, काही नाही. एक सुस्कारा टाकला आणि समोरच्या गाड्या थांबवून मला जाऊ दिलं.

कारखान्यात पोहोचलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. अण्णांना गाडीत सोडून मी डबा घेऊन ऑफिसात घुसलो. देशमुख साहेब टेबलापाशी बसले होते. रुमाल पसरलेला. समोर चार पुडं ओळीने मांडलेली. साहेबांनी हात धुतलेले होते आणि ते ओले हात पाहून मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

"तुम्ही कोण?"

"शोभाचे... म्हणजे डबेवाल्या शोभाताईंचे मिस्टर. साहेब, चूक झाली."

साहेबांनी शांतपणे चौथं पूड पुढे सरकवलं आणि चिठ्ठी वाचली. "'क्लिप, तुटलेली, एक.' हे लोणचं का?"

"नाही, साहेब."

"आणि हे हिरवं?"

"बल्ब, साहेब. गेलेले."

"मला मटार वाटले. चष्मा लावलेला नव्हता. एक चमच्यात घेतला होता मी!"

मी खरा डबा पुढे करणार, तेवढ्यात दारात शोभा. पहिली फेरी संपवून, साहेबांना जेवण कसं वाटलं ते विचारायला ती हसत हसत आली होती. तिने टेबल पाहिलं, मला पाहिलं, आणि खिडकीतून गाडीत बसलेले अण्णा पाहिले. हसू विरून गेलं.

"डब्याला पट्टी तुम्ही लावलीत?"

"आमच्याकडे लाल म्हणजे कोणी हात लावत नाही गं."

"माझ्याकडे लाल म्हणजे आधी पोहोचतो!" ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. पहाटेपासून तिने स्वतः मासवड्या थापल्या होत्या. मावशींनासुद्धा हात लावू दिला नव्हता. मला त्या क्षणी खरोखर लाज वाटली. इतकी, की जे एकोणीस वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं ते मी सांगून टाकलं.

"साहेब, तिची यात काही चूक नाही. मीच आगाऊपणा केला. मी मीटर बनवत नाही. मी नुसती खोक्यावरची लेबलं बघतो. मला मीटरमधलं काही येत नाही. पण हिला स्वयंपाक येतो. एक घास खाऊन बघा, मग काय ते सांगा."

मी शोभाकडे बघितलं. एवढं गुपित फुटल्यावर ती निदान चकित होईल असं मला वाटलं होतं.

"मला माहीत आहे," पदराने डोळे पुसत ती म्हणाली. "तुमच्या आयडी कार्डावर 'पॅकिंग' लिहिलंय. शर्ट धुवायला टाकताना रोज मीच काढून ठेवते ते."

साहेबांनी डबा उघडला. रश्शाचा वास सुटला. एक मासवडी खाल्ली. मग भाकरी मोडली. दुसरी भाकरी मोडली. शिपायाला हाक मारून कांदा मागवला. तेव्हा कुठे शोभा खुर्चीवर टेकली. मी उभाच होतो. मला कोणी बस म्हटलं नव्हतं.

जेवण झाल्यावर साहेबांनी बाह्या दुमडल्या. "चला, आणा तो तुमचा डबा," म्हणाले. माणूस मालक होण्याआधी पंधरा वर्षं फिटर होता! त्यांनी आधी केबल शोधून जोडली, मग चिठ्ठ्या वाचत एकेक स्क्रू जागेवर बसवला. पाव तासात मीटर जिथल्या तिथे. अण्णा त्यांना पाने हातात देत होते आणि मधूनमधून माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होते.

"लेबलं मात्र चोख लावलीत हं," साहेब मला म्हणाले. नोकरीत इतकी वर्षं झाली, पण माझ्या कामाचं असं कौतुक मला कोणी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे शोभा दिव्यांच्या उजेडात मोशीला गेली आणि डिझेलचा काटा लाल रेघेवर आहे हे तिला वेळेत दिसलं. दुपारी साहेबांकडून करार आला. उद्यापासून ऐंशी ताटं! खाली पाच अटी. जेवण गरम असावं, वेळेवर यावं, तेल बेताचं असावं, आठवड्यातून एकदा मासवडी असावी. आणि पाचवी: 'डबे भरणे, झाकणे व त्यांवर पट्टी लावणे या कामांत श्री. दिलीप यांनी कोणत्याही प्रकारे सहभागी होऊ नये.' पहिल्या चार अटींवर शोभाने साहेबांशी फोनवर अर्धा तास हुज्जत घातली. पाचवीवर एक अक्षर बोलली नाही. फक्त शेवटी 'कायमस्वरूपी' एवढा शब्द वाढवून मागितला!